येते हं

"ताई, बाळ हाय का मांडीवर?" लाँचचं चाक एका हाताने धरून अंकुश उतेकरांनी विचारलं.

शालीत गुंडाळलेली पेटी मी पोटाशी धरून बसले होते. पाण्यावर एवढं धुकं होतं की लाँचचं पुढचं टोकही नीट दिसत नव्हतं. शालीवर दव साचत होतं आणि मी ते सारखं झटकत होते.

"बाळ घरी आहे, सासूबाईंपाशी," मी म्हटलं. "हा सर्व्हर आहे. तुमच्या कारवंडीच्या शाळेसाठी."

"सर्वर म्हंजी?"

"पुस्तकं, गोष्टी, गाणी, शब्दकोश, सगळं या पेटीत भरलंय. पोरांनी टॅब हातात घेतला की त्यावर दिसतं. इंटरनेट नको, काही नको."

"एवढ्याशा डब्यात?" ते हसले. "आमच्या हिचा लाडवाचा डबा याच्यापेक्षा मोठा हुता."

मीही हसले. 'हुता' या शब्दाकडे माझं लक्ष गेलं नाही.

"पोरगी का पोरगा?"

"मुलगी. रेणू. अजून उभीसुद्धा राहत नाही."

"मग निघताना रडली असंल."

"रडली की. मी 'येते हं' म्हटलं आणि मागे न बघता जिना उतरले."

अंकुशभाऊंनी मान वळवली. ते वाकून इंजिनाकडे बघायला लागले. इंजिन नीटच चाललं होतं.

कारवंडी हे गाव धरणाच्या फुगवट्यापलीकडे. रस्त्याने जायचं तर जंगलातून दिवसभराची चाल, म्हणून सगळी ये-जा लाँचनेच. विजेच्या तारा गावात पोचल्या होत्या, पण पावसाळ्यात त्या पडायच्या आणि दिवाळीपर्यंत तशाच लोळायच्या. म्हणून तर आम्ही ती पेटी बनवली होती. तिला पंखा नाही, ती तापत नाही, घरातल्या साध्या बल्बपेक्षाही कमी वीज खाते. कौलांवर सोलरची एक पाटी बसवायची, खाली एक बॅटरी ठेवायची, की झालं. बॅटरी उतरायला लागली की पेटी आपली आपण झोपी जाणार, आणि पुन्हा पुरेसं ऊन मिळालं की आपली आपण जागी होणार. झोपण्याआधी पोरांना सांगायला हवं, म्हणून आत एक छोटा स्पीकर होता. 'यंत्र बंद होत आहे' असं वाक्य ऑफिसात ठरलं होतं. मला ते शाळेच्या खोलीत ऐकवेना. मी घरी बसून माझ्याच आवाजात दोन वाक्यं भरली. उठताना 'आले हं मी', झोपताना 'येते हं'. ऑफिसात सगळे हसले, पण राहू दिलं.

धक्क्यावर कुंदाबाई जंगम उभ्या होत्या, पदर कमरेला खोचून. पहिली ते चौथीच्या त्या एकट्याच शिक्षिका. आठवडाभर गावात राहायच्या आणि शनिवारी घरी मेढ्याला जायच्या.

"या! मागच्या खेपेला एक साहेब प्रोजेक्टर देऊन गेले," त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेत सांगितलं. "त्याच्या पडद्यावर मी पापड वाळवते. तुमच्या या पेटीवर काय वाळवता येईल?"

"हिच्यावर काही नाही वाळणार, बाई. ही तापतच नाही."

"मग निरुपयोगीच म्हणायची," त्या म्हणाल्या आणि खो खो हसल्या.

पाटी बसवायला गावातली दोन माणसं कौलांवर चढली. वायरी आत आल्या, पेटी खिडकीशेजारच्या फळीवर बसली, आणि दुपारी धुकं जरा फाटून ऊन आलं तेव्हा तिचा हिरवा दिवा लागला.

"आले हं मी."

पोरं गप्प झाली. मग एकच गिल्ला. "बाई, आत बाई हाय!" "ताईंचा आवाज हाय त्यो!" "पेटीबाई, पेटीबाई!" नाव तिथल्या तिथे पडलं. टॅबवर हत्ती आले, तारे आले, एक गाणं आलं, आणि कुंदाबाई पापड विसरून चष्मा वर-खाली करत शब्दकोशात 'कारवी' शोधत बसल्या.

सगळ्यात पुढे एक मुलगी बसली होती. दुसरीतली, तेल लावून घट्ट वेण्या घातलेली. टॅब हातात असूनही ती फळीकडेच बघत होती.

"ताई, आवाजामागं खुळखुळ वाजतंय," ती म्हणाली.

मी चकित झाले. ऑफिसात कोणालाच ते ऐकू आलं नव्हतं. "हो गं. माझी मुलगी मांडीवर होती तेव्हा. तिचा खुळखुळा. नाव काय तुझं?"

"तनुजा अंकुश उतेकर."

"म्हणजे लाँचवाल्यांची तू?"

तिने मान हलवली.

शाळा सुटायच्या सुमाराला धुकं पुन्हा उतरलं. बॅटरी अजून कोरी होती, तिला जेमतेम दोन घोट ऊन मिळालं होतं. पेटीतून आवाज आला, "येते हं."

"या! या!" पोरं ओरडली, पाहुणीला निरोप द्यावा तशी. दप्तरं उचलून सगळी घरी पळाली. तनुजा तेवढी उठली नाही. दिवा विझलेल्या पेटीसमोर मांडी घालून बसून राहिली.

"तने, घरी जा गं," कुंदाबाई म्हणाल्या.

"ती येते म्हनली."

"उद्या येईल. ऊन आलं की."

"मी हितंच थांबते."

"अगं, रात्री काय करशील इथं?"

"ती आली आन हितं कुनीच नसलं तर?"

शेवटी अंकुशभाऊ शेवटची फेरी आटपून आले आणि तिला कडेवर उचलून घेऊन गेले. कडेवर बसण्याचं तिचं वय नव्हतं. त्यांच्या खांद्यावरून ती पेटीकडे बघत होती.

रात्री माझा मुक्काम शाळेलगतच्या कुंदाबाईंच्या खोलीवर होता. त्यांनी चूल पेटवली, चहा ठेवला, आणि माझ्याकडे पाठ करूनच सांगितलं. "गेल्या भाद्रपदात तिच्या आईला कळा लागल्या. दिवस भरले नव्हते. असंच धुकं. अंकुशनेच लाँच काढली. ही धक्क्यावर उभी होती माझा हात धरून. आई लाँचमध्ये झोपलेली, तशीच मान उचलून म्हणाली, 'येते हं तने.' सातारा गाठलाच नाही. ती गेली, पोटातलंही गेलं."

चहा उतू आला. त्यांनी पदराने पातेलं खाली घेतलं.

"आणि हिला?"

"हिला अंकुशने सांगितलं, आई दवाखान्यात आहे, येईल. एकदा सांगितलं ते सांगितलं. दिवस-वार सगळं बाहेरच्या बाहेर उरकलं. आता गावात कोणाची छाती होत नाही. आई कधी येणार म्हणून मला विचारते, तेव्हा मी तिला पाढे म्हणायला लावते. वर्गात पाढे सगळ्यात चांगले तिचेच आहेत."

दुसऱ्या दिवशी धुकं हललंच नाही. तनुजा सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती. मी पाटी पुसून घेतली, तिचा कोन बदलला, वायरी तपासल्या. सगळं ठीक होतं, फक्त ऊन नव्हतं. कामापुरतं बोलायचं तर काही बिघडलेलं नव्हतं. दोन दिवसांनी, चार दिवसांनी ऊन आलं असतं आणि पेटी जागी झाली असती. ती झोपून टिकावी म्हणूनच तर एवढी काटकसरीने बनवलेली होती.

पण समोर ती पोर बसली होती. डबा उघडला नव्हता.

"ताई, ती कुनाला म्हनली येते?" तिने विचारलं.

"माझ्या रेणूला. रोज कामाला निघताना म्हणते ना, तसंच म्हणून भरलं मी."

"मंग तुमी जाता का परत?"

"रोज जाते."

"रोज?"

"रोज संध्याकाळी. कालचीच तेवढी चुकली, आज जाईन."

तिने मान डोलावली. तिचा हिशेब जुळला होता. ही पेटी आज उठली पाहिजे, एवढंच मला कळत होतं. पेटी उठली नाही तर या पोरीच्या मनातलं काय मोडेल ते मला दिसत होतं. उठली तर काय होईल, ते मला दिसलं नाही.

मी धक्क्यावर गेले. "अंकुशभाऊ, इंजिन चालू असताना लाँचची बॅटरी चार्ज होते ना? तिच्या जोडीला माझी लावायची आहे. दिवसभराच्या फेऱ्यांत भरेल."

"भरंल की. पन एवढी काय घाई हाय ताई?"

"तनुजा जेवलेली नाही."

त्यांनी लाँच धक्क्याला बांधली. शाळेत येऊन बॅटरी खांद्यावर टाकली, लाँचमध्ये नेली, मी चिमटे जोडून दिले. दिवसभर धुक्यातून इंजिनाचा आवाज जवळ येई, लांब जाई. प्रत्येक वेळी जवळ आला की तनुजा दारापर्यंत जायची आणि परत येऊन बसायची. कुंदाबाईंनी तिच्या पुढ्यात भाकरी ठेवली. तिने ती पेटीच्या फळीवर नेऊन ठेवली.

दुपार कलली तेव्हा अंकुशभाऊ बॅटरी घेऊन चढ चढून आले. घामाने आणि धुक्याने भिजले होते. मी वायरी जोडल्या. पोरं श्वास रोखून उभी.

हिरवा दिवा लागला.

"आले हं मी."

काय तो आरडाओरडा! पोरं नाचायला लागली. कुंदाबाईंनी डोळे पुसले आणि पुसता पुसता "धूर बाई चुलीचा" म्हणाल्या, चूल पेटलेली नसताना. अंकुशभाऊ दाराला टेकून हसत होते. त्यांना असं हसताना मी पहिल्यांदाच बघत होते.

तनुजा पेटीजवळ गेली. फळीवरची भाकरी घेतली, एक तुकडा मोडून तोंडात घातला. मग चावता चावता वळली.

"आबा, ही तुमच्या लाँचमदनं आली व्हय?"

"व्हय गं माझे बाय."

"आई बी तुमच्याच लाँचमदनं गेलीवती."

तनुजाने आणखी एक तुकडा मोडला.

"मंग तिला का न्हाई आनली?"

कुंदाबाईंनी सवयीने खडू उचलला. "चला रे, पाढे. बे एके..." एवढंच म्हणाल्या. पुढचं त्यांना आलं नाही. खडू हातात तसाच राहिला.

अंकुशभाऊंचं हसू अजून चेहऱ्यावर तसंच होतं, फक्त त्यात आता काहीच उरलं नव्हतं. ते म्हणाले, "ताई, तुमचं काम झालं असंल तर निघू. उजेड हाय तवर. तने, तू बी चल."

निघण्याआधी मी कुंदाबाईंना पेटीचं राहिलेलं सगळं भराभरा दाखवलं. नवे धडे कसे घालायचे, पोरांच्या कविता त्यांच्याच आवाजात कशा भरायच्या, पेटी बोलते ती वाक्यंसुद्धा कशी बदलायची. त्या ऐकत होत्या की नाही कोण जाणे. तनुजा ऐकत होती. तिची नजर माझ्या बोटांवर होती.

लाँच निघाली. आम्ही तिघंच. मध्यावर आल्यावर अंकुशभाऊंनी इंजिन बंद केलं. इंजिन थांबलं की त्या पाण्यावर किती शांत होतं, ते मला तेव्हा कळलं. लाकडाला पाणी लागल्याचा तेवढा आवाज.

ते येऊन तनुजासमोर उकिडवे बसले.

"तने, आई येनार न्हाई."

"कवा?"

"कवाच न्हाई. आई वारली, बाळा. हितंच. ह्याच पान्यावर. पलीकडं लाँच लागायच्या आदी."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. रडली नाही. तिच्या हातात अजून भाकरीचा तुकडा होता.

"ती येते म्हनली."

"व्हय."

"तुमी बी म्हनलावता, येईल."

"म्या खोटं बोललो."

"मंग आई बी खोटं बोलली?"

"न्हाई!" ते एवढ्याने ओरडले की काठावरून तो आवाज परत आला. मग एकदम हळू झाले. "न्हाई गं. आई खोटं न्हाई बोलली. तिला यायचंच हुतं."

मी पेटीशिवायची ती शाल दोन्ही हातांत धरून बसले होते. कुठे बघावं मला कळत नव्हतं. तनुजाने माझ्याकडे पाहिलं.

"ताई, येनार नसलं तर काय म्हनायचं असतंय?"

अख्खा शब्दकोश मी स्वतः त्या पेटीत भरला होता.

"जाते म्हनत्यात," अंकुशभाऊच म्हणाले, खाली बघत. "पन तसं कुनी म्हनत न्हाई. वंगाळ असतं."

"जाते," तनुजा म्हणाली. कोणाला उद्देशून नाही. नवा शब्द पहिल्यांदा म्हणून बघावा तशी. मग तिने भाकरीचा तुकडा पाण्यात सोडला, आणि बापाच्या गळ्यात हात टाकून, इतका वेळ राहिलेलं रडं एकदम सुरू केलं. अंकुशभाऊही रडले. वर्षभर त्याच पाण्यावरून ते रोज लोकांना इकडून तिकडे नेत होते.

पलीकडचा धक्का आला तेव्हा तनुजा बापाच्या मांडीवर, डोळे सुजलेली. मी उतरायला उठले. तोंडात सवयीचा शब्द आला. तो मी तसाच गिळला. माझं पुन्हा तिथे येणं होणार होतं का, माझं मलाच ठाऊक नव्हतं, आणि ती माझ्या ओठांकडे बघत होती. मी नुसता तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"ताई," ती म्हणाली, "लवकर जावा. रेणू वाट बघत असंल."

त्यानंतर माझं कारवंडीला जाणं झालं नाही. नोकरी बदलली, दुसऱ्या गावांना दुसऱ्या पेट्या गेल्या. कुंदाबाईंचा मधूनमधून फोन यायचा. "पेटीबाई ठणठणीत आहे, पावसाळाभर लाँचवर चार्ज होऊन येते, आता तनीच वायरी जोडते, मला हात लावू देत नाही." मग एकदा त्यांनी सांगितलं, पोरंच उरली नाहीत, गाव खाली उतरायला लागलंय, शाळा बंद होतेय. तनुजा मेढ्याच्या वसतिगृहात जातेय, पाचवीला. "पेटी पाठवून देते. तनीने स्वतः बांधलीय. तुमच्याकडेच जाऊ दे म्हणाली."

गेल्या आठवड्यात पार्सल आलं. जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेली पेटी, नीट गाठ मारलेली. कोपऱ्यात कोणीतरी खडूने काढलेलं फूल. रेणू बालवाडीतून आली होती, तिला बघायची घाई. मी खिडकीत एक बॅटरी जोडून दिली.

"आले हं मी." माझाच आवाज, तेव्हाचा, घाईतला. मागे खुळखुळा.

"हा माझा खुळखुळा?" रेणू हरखली. तिने तो परत परत ऐकायला मागितला. मी म्हटलं, ती पुन्हा झोपून उठेल तेव्हाच वाजेल. मग ती तिथेच चित्र काढत बसली आणि मी कुकर लावायला गेले.

बॅटरी जुनीच होती. दिवेलागणीच्या आत उतरायला लागली. मी ओट्यापाशी होते, आणि ओठांवर आपोआप आलं, पेटीच्या आधी, 'येते हं.'

पेटी वेगळंच बोलली.

"जाते हं मी."

आवाज माझा नव्हता. मोठ्या होत आलेल्या मुलीचा, सावकाश, स्वच्छ. आणि त्याच्या मागे, लांबवर, लाँचचं इंजिन. जवळ येत होतं की लांब जात होतं, कळत नव्हतं.

"आई!" रेणूने मान वर केली. "असं म्हणायचं नसतं ना गं?"

'येते' म्हटलं की 'ये' म्हणतात. ते मला येतं. 'जाते' म्हटलं की काय म्हणायचं, हे मला कोणी कधी शिकवलं नव्हतं. मी हात पुसून खिडकीशी गेले, आणि हिरवा दिवा विझेपर्यंत पेटीवर हात ठेवून उभी राहिले.